नवीन पिढीचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय? आधी हातात टेप घ्या, पैसे नंतर काढा

गेली बारा-तेरा वर्षं मी नागपुरात ओळखीच्या लोकांचे पीसी जोडून देतो, धंदा म्हणून नाही, आवड म्हणून. नवीन जनरेशनचं कार्ड लॉन्च झालं की फोन सुरू होतात, दादा घेऊ का, आत्ता घेऊ की थांबू, माझ्या पीसीत बसेल का. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाची ५० सिरीज आली तेव्हा तर रोज कोणी ना कोणी. प्रत्येकाला तेच तेच सांगून झाल्यावर वाटलं की एकदा नीट लिहूनच टाकावं, म्हणजे दोन लाखांचं कार्ड घरी आणून डोक्याला हात लावायची वेळ कोणावर येणार नाही. उदाहरणं ५० सिरीजची देतोय कारण ती कार्डं मी स्वतः हातात घेऊन बसवलीत, पण पद्धत पुढच्या लॉन्चलाही हीच राहील.

लॉन्चच्या दिवशी काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं

६ जानेवारी २०२५ ला लास वेगासमध्ये सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या स्टेजवर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंगनी चार कार्डं जाहीर केली. ५०९० ची किंमत १९९९ डॉलर, ५०८० ची ९९९, ५०७० टीआयची ७४९ आणि ५०७० ची ५४९. आणि त्याच स्टेजवरून सांगितलं की ५०७० म्हणजे ५४९ डॉलरात मागच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० चा परफॉर्मन्स. दुसऱ्या दिवशी मला एका पोराचा फोन आला, म्हणाला ४०९० विकून ५०७० घेतो, वरचे पैसे खिशात. त्याला मी हात जोडून थांबवलं.

हे नीट समजून घ्या कारण दर लॉन्चला असं काहीतरी असतंच. ४०९० मध्ये १६३८४ कूडा कोअर (हिशोब करणारे चिपमधले छोटे भाग) आणि २४ जीबी मेमरी आहे, ५०७० मध्ये ६१४४ कोअर आणि १२ जीबी. मग बरोबरी कुठून आली, तर मल्टी फ्रेम जनरेशनमधून. म्हणजे कार्ड एक फ्रेम (स्क्रीनवरचं एक चित्र) खरी बनवतं आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम एआयने मधे भरतं. स्क्रीनवर सेकंदाला १२० फ्रेमचा आकडा दिसतो पण खऱ्या फ्रेम ३० च असतील तर माऊस हलवल्यावर हाताला ३० चंच जडपण जाणवतं. फीचर वाईट आहे असं अजिबात नाही, खऱ्या फ्रेम आधीच ६०-७० असतील आणि मॉनिटर २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० फ्रेम दाखवणारा) असेल तर फार सुंदर दिसतं, मी स्वतः वापरतो. पण विकत घेताना तुलना करायची ती फ्रेम जनरेशन बंद ठेवून, तुमच्याच रिझोल्युशनला, तुम्ही खेळता त्याच गेममध्ये. असे रिव्ह्यू विक्री सुरू व्हायच्या थोडं आधी किंवा त्याच दिवशी येतात, तोवर हात खिशातून काढायचा नाही. तसे आकडे पाहिले तर ५०९० हे ४०९० पेक्षा ४के रिझोल्युशनला साधारण पंचवीस ते तीस टक्के पुढे आणि ५०८० हे ४०८० सुपरच्या पुढे फक्त दहा-पंधरा टक्के. म्हणजे मागच्याच पिढीचं वरचं कार्ड असेल तर मी सरळ सांगतो, थांबा. २० किंवा ३० सिरीजवर असाल तर फरक जबरदस्त आहे, खुशाल घ्या.

आणि नावावर जाऊ नका. २०२२ मध्ये ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर झाली होती, १६ जीबी आणि १२ जीबी, आणि आतली चिपच वेगळी होती, लोकांनी इतका आरडाओरडा केला की १२ जीबीवालं मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय म्हणून आलं. त्यामुळे नाव बाजूला ठेवा, कोअर किती, मेमरी किती, किती वॅट खातं हे तीन आकडे कागदावर लिहा.

किंमत रुपयात कशी वाचायची

भारतात जाहीर झालेली किंमत ५०९० ला २,१४,०००, ५०८० ला १,०७,०००, ५०७० टीआयला ८०,००० आणि ५०७० ला ५९,०००. लोक चिडतात की अमेरिकेत स्वस्त आणि आपल्याला महाग. आता हिशोब करून पाहा, ९९९ डॉलर गुणिले त्यावेळचे ८६ रुपये म्हणजे जवळपास ८६ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की एक लाख एक हजार. अमेरिकेतली किंमत टॅक्स सोडून सांगतात, आपली टॅक्स धरून. म्हणजे जाहीर किमतीत फार मोठी लूट नाहीये. खरी गडबड दुकानात होते. ३० जानेवारीला ५०९० आणि ५०८० विक्रीला आली, अमेरिकेत मायक्रो सेंटरच्या दुकानांबाहेर लोक थंडीत तंबू टाकून बसले होते, माल आला तेवढा संपला, आणि आपल्याकडे ५०९० अडीच लाखांच्या वरच ऐकू येत होतं. २०२० च्या सप्टेंबरात ३०८० आलं तेव्हाही हेच झालं होतं. पहिले काही महिने हा भाव चढा असतोच, काम अडलेलं नसेल तर ते महिने जाऊ द्या. तेवढ्यात ड्रायव्हरही (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सुधारतात, ५० सिरीजला सुरुवातीला काळी स्क्रीन येण्याचा त्रास बऱ्याच जणांना झाला आणि एनव्हिडियाला एकामागून एक हॉटफिक्स म्हणजे तातडीच्या दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

ज्यांचं स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे, एडिटिंग, थ्रीडी, आर्किटेक्चरचं काम करता, त्यांनी बिल फर्मच्या नावावर जीएसटी नंबर टाकूनच घ्या. १,०७,००० च्या कार्डात टॅक्स १६ हजारांच्या वर आहे, धंद्यासाठी वापरत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं. हे सीएला विचारून घ्या पण विचारा नक्की, कितीतरी फ्रीलान्सर हे पैसे सोडून देतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या मावसभावाकडून मागवायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. विमानतळावर ठरलेल्या मर्यादेच्या वरच्या सामानावर ड्युटी लागते, आणि त्याहून मोठं म्हणजे वॉरंटी, ती बऱ्याच ब्रँडची देशापुरतीच असते. माझ्या अकोल्याच्या मित्राने तर इथल्याच एका दुकानातून घेतलं होतं, चार हजार कमी म्हणून बिलाशिवाय, दुकानदार म्हणाला तीन वर्षं वॉरंटी आहेच ना. सात महिन्यांनी पंखा वाजायला लागला, सिरीयल नंबर टाकला तर माल बाहेरच्या देशातला निघाला. दुकानदाराने ओळखच दाखवली नाही. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये घ्या, गावातल्या दुकानात घ्या, पैसे द्यायच्या आधी बॉक्सवरचा सिरीयल नंबर ब्रँडच्या भारतातल्या वॉरंटी पेजवर टाकून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, चांगला दुकानदार कधीच नाही म्हणत नाही.

कुठलं घ्यायचं

इथे माझं मत स्पष्ट आहे. १०८०पी चा (फुल एचडी) ६० हर्ट्झ मॉनिटर ठेवून ५०८० घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ४के मध्ये १०८०पी च्या बरोबर चौपट पिक्सेल असतात, ही कार्डं त्या कामासाठी बनलीत. आधी मॉनिटर, मग कार्ड. १४४०पी वर खेळणाऱ्या बहुतेकांना ५०७० टीआय पुरून उरतं, १६ जीबी आहे, ३०० वॅट आहे. ५०८० मध्येही मेमरी १६ जीबीच, जाहीर किमतीत २७ हजार जास्त, तेवढ्यात एक चांगली पॉवर सप्लाय आणि एसएसडी येते. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी ६ मार्च २०२५ ला आलं, ५९९ डॉलर, तेही १६ जीबी, नुसतं गेमिंग असेल तर तेही जरूर पाहा. ५०९० मी दोनच प्रकारच्या लोकांना सुचवतो, एक म्हणजे ज्यांचं पोट रेंडरिंगवर आहे आणि दुसरे जे घरीच एआय मॉडेल चालवतात, कारण तिथे ३२ जीबी मेमरीला पर्याय नाही. ३० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटमध्ये आणून छोटं केलं की त्यात आरामात बसतं, ७० अब्जचं नाही बसत. आणि एआयवाल्यांनी लक्षात ठेवा, ब्लॅकवेल म्हणजे ५० सिरीजच्या कार्डांना एनव्हिडियाचं कूडा सॉफ्टवेअर १२.८ पासून पुढचं लागतं, जुनं पायटॉर्च (एआय कोड ज्यावर चालतो ती लायब्ररी) ठेवलंत तर कार्ड असूनही कोड चालणार नाही.

आता टेप घ्या

माझ्या भाच्याने ५०८० घेतलं तेव्हा कॅबिनेटच्या वेबसाइटवर लिहिलं होतं, कार्डाला जागा ३६ सेंटिमीटर. कार्ड ३३ चं. तो निवांत. रात्री अकराला बसवायला घेतलं तर कार्ड आत जाईना, कारण समोर त्याने लिक्विड कूलरचा रेडिएटर लावला होता, रेडिएटर २७ मिलीमीटर आणि त्यावरचा पंखा २५ मिलीमीटर, पाच सेंटिमीटर तिथेच गेले. ३६ वजा ५.२ म्हणजे ३०.८. रेडिएटर काढून वर लावला, वर मदरबोर्डच्या हीटसिंकला अडकत होता, मग तिकडचा एक पंखा काढला, रात्रीचे अडीच वाजले. तेव्हा शिंप्याचा टेप घ्या, मागच्या स्लॉटच्या पट्टीपासून समोर जी पहिली वस्तू आडवी येते तिथपर्यंत मोजा, वेबसाइटवरचा आकडा बाजूला ठेवा. दुसरं माप रुंदीचं, मदरबोर्डपासून साइडच्या काचेपर्यंत, कारण पॉवर कनेक्टर कार्डाच्या कडेला असतो आणि वायर सरळ साडेतीन सेंटिमीटर तरी बाहेर यायला पाहिजे, मगच वळायला पाहिजे. काच वायरला दाबत असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डाचं नाही. तिसरं जाडी, मोठी कार्डं साडेतीन-चार स्लॉट खातात, खालची साउंड कार्ड किंवा दुसरी एसएसडी कार्ड झाकली जाते.

पॉवर सप्लायला कंजुसी करू नका. कंपनीनेच सांगितलेलं आहे, ५०९० ला १००० वॅट, ५०८० ला ८५०, ५०७० टीआयला ७५०, ५०७० ला ६५०. नवीन घेणार असाल तर एटीएक्स ३.१ या नव्या मानकाची घ्या, त्यात कार्डाला वीज देणारी १६ पिनची वायर सरळ येते, ॲडॅप्टरचं झंझट नाही. जुनी चांगली असेल आणि ॲडॅप्टर लावणार असाल तर प्रत्येक ८ पिनला पॉवर सप्लायपासून वेगळी वायर, एकाच वायरला दोन तोंडं असतात ती दोन्ही वापरू नका. आणि एका ब्रँडच्या पॉवर सप्लायची वायर दुसऱ्या ब्रँडला कधीच लावू नका, भोकात बसते म्हणून चालते असं नाही, आतला पिनांचा क्रम वेगळा असतो आणि पहिल्याच स्विचला सगळं जळतं.

घरातली वीज पण पाहा. घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो ३६० वॅटच्या आसपासच देतो, ५०८० वाला पीसी गेम चालू असताना ५०० च्या पुढे जातो, म्हणजे लाइट गेली की यूपीएस पीसीला घेऊन बंद पडणार. कमीत कमी १५०० व्हीएचा बघा, आणि प्युअर साइनवेव्ह असेल तर उत्तम. ६ ॲम्पिअरच्या साध्या प्लगवर हा पीसी चालतो, ८०० वॅट भागिले २३० म्हणजे साडेतीन ॲम्पिअर, पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री किंवा कूलर नको. जुन्या वाड्यात, जुन्या क्वार्टरमध्ये राहत असाल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ते दुरुस्त होईपर्यंत नवीन कार्ड डब्यातून काढूच नका.

आणि बिल. ५०९० वाला पीसी रोज चार तास पूर्ण लोडवर चालला तर महिन्याला साधारण ९० युनिट. महावितरणचा १०० युनिटनंतर वरचा स्लॅब लागतो, ३०० नंतर त्याच्याही वरचा, घरात एसी असेल तर हे ९० युनिट महागड्या स्लॅबमध्येच पडतात.

बसवायचा दिवस

जुना ड्रायव्हर आधी काढा, डीडीयू नावाचं फुकट टूल आहे, विंडोज सेफ मोडमध्ये नेऊन त्याने साफ करा. मदरबोर्डचं बायॉस (पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. मग पीसी बंद, मागचा स्विच बंद, वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. बॉक्स उघडताना सलग व्हिडिओ काढा, सीलपासून कार्डापर्यंत आणि सिरीयल नंबर दिसेल असा. कार्ड बसवताना पीसी आडवा झोपवा, मोठं कार्ड दोन किलोच्या वर असतं, उभ्या पीसीत एका हाताने धरून स्क्रू लावायला जाऊ नका. खाच बसली की टक आवाज येतो, स्क्रू लावा, पीसी उभा केला की कार्डाच्या टोकाखाली आधाराची दांडी.

आता या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तो १६ पिनचा कनेक्टर. ५०९० चे ५७५ वॅट, १२ व्होल्टवर म्हणजे जवळपास ४८ ॲम्पिअर, आणि हा करंट जातो सहा बारीक पिनांतून, म्हणजे एकीला ८. पिनची झेप साडेनऊ ॲम्पिअरच्या आसपास. दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर बाकीच्या चारांवर बारा-बारा येतात आणि प्लास्टिक वितळायला लागतं. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळले, मग डिझाइन सुधारलं, तरी २०२५ च्या फेब्रुवारीत ५०९० चे फोटो आलेच. म्हणून हे काम कार्ड पीसीत जायच्या आधी टेबलावर एकदा करून पाहा, हाताला अंदाज येतो. दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा, तिरका नाही, एका बाजूने आधी अन् दुसऱ्या बाजूने नंतर नाही. क्लिक कधी ऐकू येतं कधी नाही, म्हणून कानावर विसंबू नका. मोबाइलचा टॉर्च लावा आणि कडेने पाहा, प्लगचा काठ आणि कार्डाचं सॉकेट यांच्यात फट दिसायला नको, नख घालून पाहा, नख शिरलं म्हणजे बसलेला नाही. मग हलकेच मागे ओढून पाहा, खिट्टी धरून ठेवते की नाही. माझ्या एका मित्राकडे दुसऱ्याने बसवलेलं कार्ड पाहायला गेलो होतो, वरून अगदी बरोबर वाटत होतं, टॉर्च मारला तर डावीकडे चिकटलेलं आणि उजवीकडे पोस्टकार्डाएवढी फट. महिनाभर तसंच चालत होतं. वायर वळवून लपवण्याच्या नादात ती एका बाजूने ओढली गेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, घरात त्याची दोन लहान मुलं आहेत.

पहिला आठवडा

मॉनिटरची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. डिस्प्ले आला की ड्रायव्हर टाका, बायॉसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू आहे का पाहा. मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं टूल उघडा आणि आरओपीचा (चित्राचे पिक्सेल शेवटी तयार करणाऱ्या चिपमधल्या भागांचा) आकडा वाचा. हे का, तर ५० सिरीजची काही कार्डं फॅक्टरीतूनच आठ आरओपी कमी घेऊन आली होती, एनव्हिडियाने स्वतः मान्य केलं, अर्धा टक्का कार्डं म्हणाले आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. ५०९० ला १७६ पाहिजे, ५०८० ला ११२, ५०७० टीआयला ९६. त्यापेक्षा कमी दिसला तर स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी दुकानात जा. पहिल्या सात दिवसांत कार्ड पिळून घ्या, तास-दोन तास जड गेम, रेंडर, जे काही तुमचं काम असेल ते, कारण बदलून द्यायची मुदत फार छोटी असते.

शेवटचं उन्हाळ्याचं. आमच्याकडे मे महिन्यात ४५ जातं आणि हा पीसी म्हणजे खोलीत ठेवलेला हीटर. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या टूलमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा, ५०९० चे ५७५ चे ४६० होतात आणि फ्रेम फार थोड्या कमी होतात, मी एप्रिल ते जून सगळ्यांना तसंच ठेवायला लावतो. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, त्या हवेत ओल असते आणि ओलीवर धूळ चिकटते. फिल्टर महिन्याला एकदा झटका. पण साफसफाई करताना तो १६ पिनचा कनेक्टर उगाच काढू-घालू नका, तो ३० वेळांसाठीच बनवलेला आहे, धूळ ब्रशने काढायची, कनेक्टरला फक्त टॉर्च मारून पाहायचं. आणि रिकामा बॉक्स रद्दीत देऊ नका, बिलाची झेरॉक्स आत टाकून माळ्यावर ठेवा, बिलाची शाई वर्षभरात उडते म्हणून फोटोही काढून ठेवा, वॉरंटीला कार्ड पाठवायची वेळ आली तर त्याच फोममध्ये घालून पाठवायचंय.